वाईत वाईच थांबा: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी आणि 'इथंच राहिलो तर' म्हणणाऱ्यांसाठी

साताऱ्याकडच्या बोलीत 'वाईच' म्हणजे थोडंसं. वाईच बसा की, वाईच चहा घ्या, वाईच सरकून घ्या. आता गंमत बघा, वाई गावात लोक खरंच वाईचच थांबतात, महाबळेश्वरला जाताना गणपतीला हात जोडायचे, एक फोटो, पोरांना बिस्किटाचा पुडा आणि चला पसरणी घाट. मी पण वीस वर्षं हेच केलं. मग एकदा गाडीचा क्लच गेला, दोन दिवस अडकलो, आणि त्या दोन दिवसांचं असं झालं की आता पाचवं वर्ष चालू आहे नदीकाठच्या आळीत भाड्याने राहतोय. पुण्यातले मित्र सारखे विचारतात कसं यायचं, कुठं राहायचं, घर बघून ठेव ना, तर म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. घाटाचं गाव आहे म्हणून पायऱ्या पायऱ्यांनीच सांगतो.

पायरी १: यायचं कसं आणि मुख्य म्हणजे कधी

पुण्यापासून नव्वदेक किलोमीटर. हायवेने खंबाटकी घाट चढून उतरलं की सुरूर फाटा येतो, तिथून वाईचा रस्ता. परत जाताना बोगद्यातून जाता त्यामुळे घाट एकदाच लागतो, ज्यांना गाडी लागते त्यांनी हे लक्षात ठेवा म्हणजे गोळी कधी घ्यायची कळेल. एसटीने यायचं तर स्वारगेटहून महाबळेश्वरच्या गाड्या वाईवरूनच जातात. साताऱ्याहून येत असाल तर पाचवड फाट्यावरून आत. रेल्वे वाईला नाही, वाठार किंवा सातारा स्टेशनला उतरून पुढं एसटी, पण सामान असेल तर हा उद्योग करू नका.

आता कधी यायचं. शनिवारी नको. नको म्हणजे नकोच. शनिवारी सकाळी सगळं पुणं-मुंबई वाईतून वर चढतं आणि रविवारी संध्याकाळी तेच सगळं खाली उतरतं, त्यात मे महिना किंवा डिसेंबरचा शेवटचा आठवडा असेल तर गावातला माणूस भाजी आणायला पण चालत जातो. मंगळवार-बुधवार काढा, सुट्टी टाका, आजारी पडा, काय करायचं ते करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुंदर. जुलै-ऑगस्टला नदी बघण्यासारखी असते पण बाकी काही बघता येत नाही, छत्री सांभाळण्यातच दिवस जातो.

पायरी २: गाडी लावा आणि विसरून जा

जुन्या गावातल्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत. आत मोठी गाडी घातली की समोरून दुधाची गाडी येणार, मागून रिक्षा येणार आणि कट्ट्यावरचे चार आजोबा तुम्हाला स्टेअरिंग कसं फिरवायचं ते सांगणार. मी पहिल्याच आठवड्यात गाडी एका आळीत घातली आणि नेमकं त्या दिवशी तिथं लग्नाचा मांडव पडला, तीन दिवस गाडी मांडवाच्या आत. जेवायला बोलावलं ही गोष्ट वेगळी. तर गाडी बाहेर मोकळ्या जागेत लावा आणि चाला. सगळं जुनं गाव पायी होतं.

पायरी ३: सकाळी साडेसहाला गणपती आळीचा घाट

हे एवढं केलंत आणि बाकी काहीच नाही केलंत तरी चालेल.

ढोल्या गणपती सगळ्यांना माहिती आहे, १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधला, एका दगडातली अवाढव्य मूर्ती, आकारावरूनच नाव पडलं. पण लोक समोरून दर्शन घेतात आणि निघतात. तुम्ही देवळाच्या मागं जा. मागची भिंत सरळ नाही, माशाच्या तोंडासारखी निमुळती होत गेलीय. का, तर पुराचं पाणी येऊन आदळलं की ते दोन्ही बाजूंना फाटावं आणि देऊळ वाचावं. मी तिथं हात लावून बघितला, दगडांचे सांधे इतके घट्ट की नख जात नाही. अडीचशे वर्षांहून जास्त झाली, नदी दर काही वर्षांनी देवळात येऊन जाते, आणि भिंत आहे तशी. इंजिनिअर मित्राला नेलं होतं तर तो गणपती सोडून भिंतीचेच फोटो काढत बसला.

शेजारीच काशीविश्वेश्वर, १७५७ चा, आनंदराव भिकाजी रास्ते. तिथल्या नंदीपाशी खाली बसून बघा, उभ्याने नाही. गळ्यातल्या घुंगुरमाळा, पाठीवरची झूल, सगळं दगडात, पण असं वाटतं की नंदीने मान हलवली तर वाजेल. हे रास्ते म्हणजे पेशव्यांचे सोयरे, नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या घरातल्या. म्हणजे सासर शनिवारवाड्याचं आणि माहेर वाईचं, तेव्हा पैसा कुठून आला आणि एवढी देवळं, घाट, वाडे कसे उभे राहिले ते वेगळं सांगायला नको.

मग घाटावर बसा. फोन खिशात. धुण्याचे आवाज येतात, कुणीतरी सूर्याला अर्घ्य देत असतं, एक कुत्रं कायम तिसऱ्या पायरीवर झोपलेलं असतं, आणि एखादे आजोबा येऊन विचारतील 'कुणाकडं आलाय?' हा प्रश्न वाईत पहिला असतो. तुम्ही 'फिरायला' म्हणालात की ते 'बरं' म्हणून गप्प बसतील. 'गाव बघायला' म्हणालात की पुढचा तास गेला समजा. मी दुसरं उत्तर सुचवीन.

कधी कधी घाट बंद असतो, शूटिंग असतं. हिंदी सिनेमात उत्तरेतलं कुठलंही नदीकाठचं गाव दिसलं की अर्ध्या वेळा ती वाई असते. गावाला त्याचं काही वाटत नाही. माझ्या शेजारच्या काकू एका सिनेमात मागून कळशी घेऊन जाताना दिसतात, पण सिनेमाचं नाव त्यांना आठवत नाही, त्या दिवशी जेवणात काय होतं ते मात्र बरोबर सांगतात.

पायरी ४: आळ्या समजून घ्या, नाहीतर पत्ता सापडणार नाही

नदीकाठी सात आळ्या, त्यांचे सात घाट. भीमकुंड आळी, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि गंगापुरी. पत्ता विचारताना आधी आळी सांगायची, मॅपवर पिन टाकून काही होत नाही कारण मॅप तुम्हाला नदीच्या त्या काठाला नेऊन 'तुम्ही पोहोचलात' म्हणतो.

प्रत्येक आळीचा आपापला कृष्णाबाईचा उत्सव असतो. इथं कृष्णा ही नुसती नदी नाही, ती कृष्णाबाई आहे, घरातली मोठी बाई. माघापासून पुढं एकामागून एक आळ्यांचे उत्सव लागतात, देवीला घाटावर मांडवात बसवतात, कीर्तन, गाणं, आणि शेवटी पंगत. असं सांगतात की अफझलखान वाईला तळ ठोकून होता तेव्हा महाराजांना यश मिळावं म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि तेव्हापासून हे सुरू झालं. खान वाईला होता हा तर इतिहास आहे, इथूनच तो १६५९ ला प्रतापगडाखाली गेला, पुढचं सगळ्यांना माहिती आहे.

नवीन माणसासाठी सूचना: पंगतीला कुणी बोलावलं तर जायचं, 'नको उगाच कशाला' करायचं नाही, एकदा नाही म्हटलं की दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. मांडी घालून बसता येत नसेल तर आधीच सांगा, खुर्ची देतात आणि चिडवतात. चमचा मागू नका. आणि पानात टाकू नका, वाढणारा हेच बघत असतो.

पायरी ५: अर्धा दिवस शब्दांसाठी

हे माझं आवडतं प्रकरण आहे त्यामुळे लांबेल. मराठी विश्वकोशाचं काम या गावातून चाललं. मुंबईतून नाही, पुण्यातून नाही, वाईतून. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मुळचे खानदेशातले, शिकायला म्हणून इथल्या प्राज्ञपाठशाळेत, म्हणजे संस्कृत शिकवणाऱ्या पाठशाळेत, आले आणि इथलेच झाले, पुढं विश्वकोशाचे प्रमुख संपादक, आणि त्यांनी ऑफिस आपल्या गावात ठेवलं. पहिला खंड १९७६ ला आला. विचार करा, इंटरनेट नाही, फोन लावायला ट्रंक कॉल, आणि एका तालुक्याच्या गावात बसून लोक अणुऊर्जेपासून आदिवासी संगीतापर्यंतच्या नोंदी तपासतायत आणि कुठल्या संज्ञेला मराठी शब्द काय यावर भांडतायत.

प्राज्ञपाठशाळा त्याच्याही आधीची, नारायणशास्त्री मराठे म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती यांची. विनोबा भावे १९१७ साली गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन संस्कृत शिकायला इथंच येऊन राहिले होते. म्हणजे बाहेरून येऊन वाईत खोली घेऊन राहायचं हे काही माझ्यापासून सुरू झालेलं नाही.

विश्वकोशाचं ऑफिस काय, पाठशाळा काय, ही टुरिस्ट पॉइंट नाहीत हे लक्षात घ्या, तिकीट नाही, गाईड नाही, आत शिरून सेल्फी नाही. नुसतं त्या रस्त्याने चाला. आणि गावातल्या वाचनालयात दुपारी जाऊन बसा, पेपर चाळणाऱ्या एखाद्या गृहस्थांना विश्वकोशाबद्दल विचारा, त्यांचा कुणीतरी नातेवाईक तिथं कामाला असण्याची शक्यता भरपूर आहे.

पायरी ६: मेणवली चालत, धोम गाडीने

मेणवली तीन-चार किलोमीटर, सकाळी चालत जा, दोन्हीकडं ऊस आणि हळद. नाना फडणवीसांचा वाडा तिथं आहे, वाडा खाजगी आहे त्यामुळे जे दाखवतील ते बघायचं, बंद दार ढकलायचं नाही. पेशवाईच्या इतिहासासाठी सोन्याची खाण ठरलेलं मेणवली दफ्तर, म्हणजे जुन्या कागदपत्रांचा साठा, ते याच वाड्यातलं. वाड्याच्या मागून घाटावर उतरा. मेणेश्वराच्या देवळाजवळ एक छोटी घुमटी आहे आणि तिच्यात एक प्रचंड घंटा टांगलेली. जवळ जाऊन बघा, घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल. चिमाजीअप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली ही एक, भीमाशंकरलाही आहे तशी. शिवमंदिराशेजारी मेरीमाता, आणि गावातल्या बायका येताजाता घंटेलाही हात जोडतात.

धोम आठेक किलोमीटर. धरणाच्या आधी गावातलं देऊळ बघा, कमळाच्या आकाराची पुष्करणी, तिच्यात दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. पुष्करणीत पाणी असलं की कासव पोहतंय असं दिसतं, नसलं की नुसतं बसलंय. नशिबाचा भाग आहे.

गडांसाठी मी योग्य माणूस नाही, गुडघे. पांडवगड, वैराटगड, केंजळगड, कमळगड, सगळे वाईच्या आसपास. कमळगडावर कावेची विहीर आहे, पायऱ्यांनी खोल उतरत जायचं आणि तळाला लालभडक ओली माती, तेवढी एकदा कशीबशी बघून आलोय, हात दोन दिवस लाल होते. पावसाळ्यात एकट्याने जाऊ नका एवढंच.

पायरी ७: राहायला यायचंय? बसा, बोलू

आता खरा मुद्दा. दोन दिवस घाटावर बसलं की प्रत्येकाला वाटतं इथं एक वाड्यातली खोली घ्यावी, लॅपटॉप उघडावा, खिडकीतून नदी दिसावी. मला पण वाटलं होतं. मी घेतली. खिडकीतून नदी दिसते, आणि नदीतून डास येतात.

घर बघायला पावसाळ्यात या. उन्हाळ्यात प्रत्येक वाडा सुंदर दिसतो, थंडगार, जाड भिंती, लाकडी कडीपाट. जुलैमध्ये त्याच भिंतीला हात लावा. मी एप्रिलमध्ये बघितलं, मेमध्ये सामान आणलं आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कौलातून तीन ठिकाणी धार, पुस्तकांना बुरशी, लोणच्याला बुरशी, चपलांनासुद्धा. कौलं चाळून घेणारा, म्हणजे फुटकी काढून नीट बसवून देणारा, माणूस 'उद्या येतो' म्हणाला आणि गौरी-गणपतीत आला. कौलं मे महिन्यात चाळून घ्यायची असतात, आणि त्या माणसाला मार्चमध्ये सांगायचं असतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगतोय.

दुसरं, पाणी कुठवर येतं ते विचारा. घरमालकाला नाही, शेजाऱ्याला. नदीकाठी पूररेषा आखलेल्या असतात, निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत घर असेल तर तळमजला घेऊच नका. वर बलकवडी आणि धोम ही दोन धरणं आहेत, धोम साडेतेरा टीएमसीचं (म्हणजे साडेतेरा अब्ज घनफूट पाण्याचं), वर महाबळेश्वरच्या बाजूला कोसळायला लागलं आणि धरण भरलं की पाणी सोडतात आणि वाईत ऊन असलं तरी नदी चढते. पहिल्या वर्षी मी घाटावर मोटरसायकल लावून निवांत चहा प्यायला गेलो होतो, एक मुलगा पळत आला 'काका गाडी काढा, पाणी सोडलंय', परत आलो तर खालच्या सात पायऱ्या नव्हत्याच. आता चपला पण वर काढतो.

तिसरं, वाडा कुणाच्या नावावर आहे. एका वाड्याला आठ वारस असतात, दोन इथं, तीन पुण्यात, एक अमेरिकेत आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. एकाने खोली भाड्याने दिली आणि दुसरा येऊन विचारतो तुम्ही कोण, असं माझ्या ओळखीत झालंय. त्यामुळे अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करूनच घ्या, पोलिसात भाडेकरूची माहिती द्या, आणि लाईटचं मीटर स्वतंत्र आहे का बघा, सगळी भांडणं तिथून सुरू होतात. संडास-बाथरूम कुठं आहे तेही बघा, काही वाड्यांत अजून चौकातून पलीकडं जावं लागतं आणि रात्री दोनला पावसात तो चौक फार मोठा वाटतो.

नदीकाठ सोडून वरच्या भागात, सोनगिरवाडी-सिद्धनाथवाडीकडं फ्लॅट मिळतात, कोरडे, पार्किंगसकट. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर खरं सांगू, तेच घ्या आणि घाटावर रोज चालत या. वाड्यात राहण्यात रोमान्स आहे पण तो एकट्या माणसाचा किंवा फार समजूतदार जोडप्याचा.

दवाखाने आहेत, रोजच्याला पुरेसे, पण मोठं काही असलं की सातारा किंवा पुणं. नेट चालतं. लाईट वादळात जाते, इन्व्हर्टर घ्या.

पायरी ८: लोकांत मिसळायचं कसं

दुपारी एक ते चार गाव झोपतं, तेव्हा दुकानदाराला उठवून टाचणी मागू नका. दूधवाला, पेपरवाला, किराणावाला बदलत राहू नका, एकच धरा, आठवड्याभरात ते तुम्हाला नावाने ओळखतात आणि महिन्याभरात तुमच्याबद्दल तुमच्यापेक्षा जास्त सांगू शकतात. प्रायव्हसी हवी असेल तर वाई तुमची नाही. मला ताप आला होता तेव्हा तिसऱ्या आळीतून पेज आली, मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि दारू कधी आणली तेही सगळ्यांना माहिती असतं. दोन्ही एकदमच येतं, एक घेऊन दुसरं सोडता येत नाही.

'पुण्यात आम्ही असं करतो' हे वाक्य पहिलं वर्षभर तोंडातून काढायचं नाही. मी काढलं होतं. अजून ऐकवतात.

रंगपंचमीला बावधनचं बगाड असतं, वाईच्या शेजारचंच गाव. ज्या नवसाच्या माणसाला देवाचा कौल मिळाला तो बगाड्या, त्याला उंच शिडावर, म्हणजे लांब लाकडी खांबावर, बांधतात, आणि तो भलामोठा लाकडी गाडा बैलांच्या जोड्या लावून नदीकाठच्या सोनेश्वरापासून गावातल्या भैरवनाथापर्यंत ओढत आणतात. पोटात गोळा येतो बघताना. जायचं असेल तर ओळखीच्या बावधनकराबरोबर जा, लांबून, शेताच्या बांधावरून बघा, बैलांच्या वाटेत उभं राहून रील काढणाऱ्यांना तिथं जे शब्द ऐकायला मिळतात ते विश्वकोशात नाहीत.

पायरी ९: घेऊन काय जायचं

हळद. थेट शेतकऱ्याकडून मिळाली तर उत्तम, ओळख काढा, मिळते. डब्याचं झाकण उघडलं की वास खोलीभर जातो. डिसेंबरनंतर स्ट्रॉबेरी, पण ती रस्त्याकडेला खोक्याच्या वरच्या थराकडं बघून घेऊ नका, खालचा थर उलटा करून बघा, विकणारा रागावला तर पुढच्याकडं जा. गूळ गुऱ्हाळावरून, फार पिवळाधमक असेल तर सोडा, तांबूस बघा.

आणि कुणी 'वाईच बसा' म्हणालं तर घड्याळ बघू नका, चहा होईल, मग पोहे येतील, मग वाडा कुणी बांधला आणि कुणी विकला ते येईल, निदान दीड तास धरून चला. खोल्यांसाठी मला फोन करू नका, माझ्याकडं यादी नाही. जुलैमध्ये या, सकाळी घाटावर त्या तिसऱ्या पायरीवरच्या कुत्र्याशेजारी बसा आणि पहिल्या आजोबांनी विचारलं 'कुणाकडं आलाय?' की सांगा, खोली बघायला आलोय. दुपारपर्यंत चार दाखवतील. त्यातली एक गळत नसेल.